कापश्याच्या पिसवा

सोनारीच्या बानूबाईनं सून आणली ती भूमकडच्या एका मेंढक्याच्या घरातली. पोरगी बघायला गेली तेव्हा तिनं सगळं नीट पारखून घेतलं होतं. पोरीचे हात बघितले, चाल बघितली, भाकरी थापायला लावली, मेंढरू आजारी पडलं तर कशावरून ओळखतेस ते विचारलं. पोरीचं नाव अयोध्या. तिनं सगळ्याची उत्तरं दिली आणि भाकरीही मोठी थापली. कुत्र्याबद्दल मात्र बानूबाईनं काहीच विचारलं नाही. तेवढं राहून गेलं.

लग्न लागलं, गाडी सोनारीकडं निघाली आणि गाडीच्या मागं एक पांढरं कुत्रं चालायला लागलं. नवरदेव गुंडाप्पानं खाली उतरून त्याला एक-दोन ढेकळं मारली, तीही नेम चुकवूनच, कारण नवी बायको गाडीत बसली होती. कुत्रं थांबायचं. गाडी पुढं गेली की परत चालायला लागायचं. अयोध्येनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, ते येणार हे तिला ठाऊक होतं.

गाडी दारात पोचली तो नेमका रविवार. सोनारी म्हणजे काळभैरवाचं गाव आणि कुत्रं म्हणजे भैरवाचं वाहन. रविवारी दारात आलेल्या कुत्र्याला हाड म्हणू नये, हे गल्लीतल्या समद्या पोरीबाळींना बानूबाईनंच शिकवलं होतं. एकदा तर शेजारच्या कस्तुराबाईनं रविवारी कुत्र्यावर लाटणं फेकलं म्हणून बानूबाई तिच्याशी पुढची संक्रांत येईपर्यंत बोलली नव्हती. आता ती कस्तुराबाई लाटणं टाकून आली होती आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. देवळातला पुजारी बलभीमही होता. तो म्हणाला, ‘बानूबाई, वाहन दारात आलंय.’

‘दिसतंय मला,’ बानूबाई म्हणाली.

तिनं नवरानवरीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि बाजूला टाकला. तो त्या कुत्र्यानंच खाल्ला. पुढं जे झालं ते त्या तुकड्यानं झालं, जोडप्याची दृष्ट कुत्र्यानं पोटात घेतली, असं कस्तुराबाई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

कुत्र्याचं नाव कापश्या. नाव ठेवणारानं डोळे उघडे ठेवूनच ठेवलं होतं. पिंजलेल्या कापसासारखे केस आणि केसांखाली नुसती गुलाबी कातडी. तिच्यावर माशी बसली तरी गांधी उठायची. गवतात लोळलं की पोट लाल. चिखलात बसलं की मांड्या लाल. अयोध्येनं सासूला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, ‘आत्या, त्याचं अंग नाजूक हाय.’

बानूबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. या घरात आजवर कुत्री कमी झाली नव्हती. लांडग्यानं कान तोडलेलं एक होतं, एका डोळ्याचं एक होतं, एक तर तीन पायांवर मेंढरं वळायचं. त्यांच्या अंगाची चौकशी कधी कुणी केली नव्हती. तिनं म्हातारा बिराप्पा, म्हणजे तिचा नवरा, घोंगडं अंथरून बसला होता त्याच्याकडं बघितलं. बिराप्पा म्हणाला की मेंढराची कातडी मला कळते, कुत्र्याची कळत नाही. आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली.

आखाड लागला. मेंढरं घरामागच्या काटेरी कुंपणाच्या वाडग्यात बसायला लागली, भुई ओलसर झाली आणि कापश्याच्या अंगावर पिसवा दिसायला लागल्या. गोचीड असते तर भागलं असतं. गोचीड जागच्या जागी बसतो, धरून उपटता येतो. पिसू तशी नसते. ती केसांतून पळते, दिसली म्हणेपर्यंत दिसेनाशी होते, आणि धरली तरी चिमटीतून उडी मारून आपल्याच अंगावर येते. कापश्या दिवसभर खाजवायचा. खाजवताना त्याचा मागचा पाय भुईवर आपटायचा, तेव्हा दारावर कुणी थाप मारतंय असं वाटायचं. पहिले काही दिवस गुंडाप्पा उठून दार उघडून बघायचा. पुढं त्यानं उठायचं सोडून दिलं, आणि मग एकदा खरोखरच मामा आला तेव्हा मामाला बराच वेळ बाहेर उभं राहावं लागलं.

शेपटीच्या बुडाशी कापश्यानं स्वतःचेच केस चावून काढले. तिथं कातडी उघडी पडली, ओलसर झाली. घरातल्या माणसांच्या घोट्यांवर लाल ठिपके उठले. बानूबाई चुलीपुढं बसली की एक हात भाकरीला आणि एक हात घोट्याला.

गावानं आपापल्या परीनं मदत केली. किराणा दुकानदार श्रीमंतनं ढेकणांची पावडर दिली आणि सांगितलं की ढेकूण मरतो तिथं पिसू काय चीज आहे. पावडर टाकल्यावर कापश्याच्या पाठीवरचे केस मुठीनं निघाले, पिसवा मात्र पोटाकडं सरकल्या. श्रीमंत म्हणाला की पोटालाही लावायला पाहिजे होती. कस्तुराबाईनं शिताफळाच्या बिया वाटून लावायला सांगितलं. ते बानूबाईनं ऐकलं नाही, कारण उवांसाठी त्याच बिया डोक्याला लावून तिची नणंद महिनाभर डोळे सुजवून बसलेली तिनं बघितली होती. कस्तुराबाईला त्याचा राग आला.

शेवटी बानूबाईनं ठरवलं की हे लाड पुरे झाले. एके दिवशी दुपारी अयोध्या गवताला गेली होती. बानूबाईनं चिंधी राकेलमध्ये भिजवली, कापश्याला हाक मारली आणि मानेपासून शेपटीपर्यंत पुसून काढला. तिच्या आयुष्यातल्या सगळ्या कुत्र्यांना तिनं हेच केलं होतं. ती कुत्री दोन उड्या मारायची आणि विसरून जायची.

कापश्या आधी गप उभा राहिला. बानूबाई त्याला रोज भाकरी घालायची, तेव्हा ती करतेय ते बऱ्यासाठीच असणार असं त्याला वाटलं असावं. मग तो ओरडला. असं ओरडला की कस्तुराबाई भिंतीवरून डोकावली. अंगणभर लोळला, मातीत घासला आणि गाडीखाली जाऊन बसला तो काही केल्या बाहेर येईना. दिवस मावळायच्या आधी त्याचं पोट भाजल्यासारखं लालभडक झालं.

अयोध्या गवताचा भारा घेऊन आली. दारातच तिला वास आला. भारा खाली टाकून ती गाडीपाशी गेली, खाली वाकून बघितलं, घरात येऊन डाळीचं पीठ घेतलं, पाण्याची घागर घेतली आणि गाडीखाली शिरली. पीठ लावून, पुसून, परत पाणी ओतून तिनं त्याचं सगळं अंग धुतलं. बानूबाई उंबऱ्यावर उभी होती. आता ही काय म्हणते ते ऐकायला ती तयार होती. उत्तरंही तिनं जुळवून ठेवली होती.

अयोध्या काहीच म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशीही म्हणाली नाही. काम चोख करत होती. दळण दळलं, कोकरं पाजली, जेवणही पोटभर जेवली. बोलायची ते कामापुरतं. ‘आत्या, पीठ सपलंय.’ ‘आत्या, पाणी भरून ठिवलंय.’ त्यात रागाचा लवलेश नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. बानूबाईनं स्वतःच्या सासूशी भांडून हयात काढली होती. ती भांडणं वेशीपर्यंत ऐकू जायची, पण सकाळी भांडून दुपारी दोघी एका ताटात जेवायच्या. मोठ्यांदा बोलणाराला काय बोलायचं ते बानूबाईला येत होतं. न बोलणाराशी तिचा कधी संबंधच आला नव्हता.

गुंडाप्पानं आईला विचारलं, काय झालं. ती म्हणाली, कुत्र्याला औषध केलं. त्यानं बायकोला विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काय न्हाय. दोन्हीकडून एवढी माहिती गोळा करून तो मेंढरांकडं निघून गेला आणि पुढं बरेच दिवस तो मेंढरांकडंच जास्त राहिला.

बानूबाईच्या मनाला खात होतं ते राकेल नव्हतं. राकेलचं तिला अजून पटलेलं नव्हतं. तिला खात होतं ते हे, की कापश्या आधी गप उभा राहिला होता.

मग एके सकाळी ती वाटीत लोण्याचा गोळा घेऊन, त्यात हळद कालवून गाडीपाशी जाऊन बसली. कापश्या आतल्या बाजूला सरकला. तिनं हाक मारली नाही. तळहातावर लोणी ठेवून हात पुढं करून बसून राहिली. म्हातारपणी असं उकिडवं बसवत नाही, पण बसली. त्या दिवशी तो आला नाही. पुढच्या दिवशीही आला नाही. चौकशीला आलेल्या कस्तुराबाईला तिनं सांगितलं की गाडीचा आस बघतेय.

शेवटी तो आला. तिनं हलक्या हातानं त्याच्या पोटाला हळद-लोणी लावलं आणि तिची पाठ वळल्यावर त्यानं ते सगळं चाटून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तो तिची वाट बघतच बसला होता. मग तिनं लोणी सोडून करडईच्या तेलात हळद कालवली, वर थोडं लिंबोळीचं कडू तेल घातलं. ते आधी कानामागं टिकलीएवढं लावून दिवसभर ठेवलं. लाली उठली नाही, तेव्हा मग पोटाला लावलं. कडू असल्यामुळं त्यानं चाटलं नाही. पोट बरं व्हायला लागलं. अयोध्या येता-जाता हे बघत होती. एकदा तिनं न विचारता हळदीचा डबा सासूच्या हाताशी आणून ठेवला. बोलली नाही, पण डबा आणून ठेवला.

या हळदीनं एक वेगळाच घोटाळा झाला. पांढरं कुत्रं पिवळंजर्द झालं. रविवारी देवाला आलेल्या लोकांनी ते देवळाच्या वाटेवर बघितलं आणि काळभैरवाच्या गावात हळद माखलेलं कुत्रं म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं ठरवलं. कुणी त्याच्या पायाला हात लावला, कुणी गुळाचा खडा ठेवला, कुणी नारळ फोडून खोबरं दिलं. तुळजापूरहून आलेल्या प्रमोदिनीबाई म्हणून एक बाई होत्या, चांगल्या घरच्या, पिढ्यानपिढ्या पूजाअर्चा करणाऱ्या. त्यांनी कापश्याच्या पाठीवरून हात फिरवून तो हात स्वतःच्या डोळ्यांना लावला. थोड्या वेळानं त्या सभामंडपात मनगट खाजवत बसल्या होत्या. त्यांनी बलभीमाला विचारलं की हे अंगावर काय उठलं.

बलभीम म्हणाला, ‘देवाची आठवण ऱ्हाती, बाई.’

बानूबाईला हे बरं वाटेना. देवाच्या नावावर लोकांना पिसवा वाटणं तिला पाप वाटलं. ती स्वतः देवळात गेली आणि प्रमोदिनीबाईंना हात जोडून म्हणाली की हे माझं कुत्रं आहे, हळद मी लावली, त्याच्या अंगावर पिसवा आहेत. प्रमोदिनीबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. ज्याच्या घरी देव नांदतो तो असंच बोलतो, असं म्हणून त्या बानूबाईच्याही पाया पडल्या.

तेव्हापासून रविवारी कापश्याला घरात बांधायचं ठरलं. माजघराच्या कोपऱ्यात, दळणाच्या जात्यामागं. आणि तिथं बांधला की त्याची खाज दुपटीनं वाढायची. बाहेर गाडीखाली तो कसाबसा पडून राहायचा, पण त्या कोपऱ्यात त्याला क्षणभर चैन पडायचं नाही. बानूबाईनं हे बघितलं, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही.

अर्थ लागला तो धोतरामुळं. बिराप्पाचं धोतर वाळवून आणलं होतं. घडी घालायला जागा नव्हती म्हणून बानूबाईनं ते जात्यामागच्या कोपऱ्यात भुईवर पसरलं. कापश्या तेव्हा बाहेर होता, मेंढरांसोबत माळावर गेला होता. पांढऱ्या धोतरावर एक काळा ठिपका पडला. मग आणखी एक. मग एक ठिपका उडाला आणि घडीवर बसला. बानूबाई खाली बसली. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण एवढं दिसत होतं.

‘अयोध्ये,’ तिनं हाक मारली. ‘हिकडं ये. हे बघ.’

अयोध्या पिठाचे हात घेऊन आली आणि शेजारी उकिडवी बसली. दोघी धोतराकडं बघत राहिल्या. ठिपके वाढत होते.

‘कुत्रं हितं न्हाय,’ बानूबाई म्हणाली, ‘आन् पिसवा हायत.’

‘म्हंजी त्या घराच्या हायत,’ अयोध्या म्हणाली.

बानूबाईनं भुईवरून हात फिरवला. हे घर तिचं होतं. भिंती तिनं लिंपल्या होत्या, भुई तिनं चोपली होती, सून यायच्या आधी इतकी वर्षं ही भुई तिच्याच हातानं सारवली गेली होती. आणि या घरातल्या पिसवांचा आळ तिनं दुसऱ्याच्या घरून आलेल्या कुत्र्यावर घातला होता.

‘व्हय,’ ती शेवटी म्हणाली. ‘घराच्याच हायत. ते बिचारं नुसतं वाहन हाय.’

अयोध्येनं पिठाचा हात धोतराला लागू नये म्हणून वर धरला होता. तसाच धरून ती म्हणाली, ‘आत्या, हे जातं सरकवाय लागंल.’ हेही बोलणं कामाचंच होतं. पण त्या दिवशी जातं सरकवता सरकवता ती आणखीही बोलली. माहेरी कापश्या झाला तेव्हा त्याच्या आईला लांडग्यानं नेलं, आणि अयोध्येनं त्याला शेळीच्या दुधावर चिंधीनं वाढवलं, हे बानूबाईला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, ‘मला आधी का सांगितलं न्हाईस?’ अयोध्या म्हणाली, ‘तुमी राकेलचं आधी सांगितलं न्हाय.’ त्यावर दोघी काही वेळ जातं ढकलत राहिल्या.

जात्यामागची भुई खणून काढली तेव्हा खाली बोटभर धूळ निघाली. ती पाटीत भरून उकिरड्यावर नेऊन जाळली. भिंतीच्या बुडाच्या भेगा चिखलानं बुजवल्या. घरातली गोणपाटं, घोंगडी, वाकळा, सगळं अंगणात काढून उन्हात पालथं-उलथं केलं, आणि ज्याला ऊन पुरलं नाही त्याला उकळतं पाणी. मग शेणानं सारवण, त्यात कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी. ओढ्याकाठची निरगुडी आणून कापश्याच्या बसायच्या जागेवर तिचा पाला अंथरला आणि तो सुकला की बदलला. बिराप्पाचं घोंगडं उन्हात टाकायला मागितलं तेव्हा त्यानं आधी हे मान्य केलं नाही की त्याच्या घोंगड्यात पिसवा असू शकतात. मग अयोध्येनं त्याच्यासमोर ते झटकलं आणि तो उठून बाहेर जाऊन बसला.

कापश्याला अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा बानूबाईनं लिंबाचा पाला उकळून काळपट पाणी केलं. अयोध्या म्हणाली की एवढं कडक त्याला सोसणार नाही, आधी एका पायाला लावून बघू. एका पायाला लावलं, पाय लाल झाला. मग चांगलं पाणी घालून ते इतकं फिकं केलं की बानूबाईला त्यात औषध उरलंय की नाही याचीच शंका आली. पण पाय लाल झाला नाही. तेवढ्याच पाण्यानं धुवायचं ठरलं, तेही आठवड्यातून एकदा. रोज धुतलं की कातडी कोरडी पडून अजून खाजते, हेही त्यांना तसं करून बघितल्यावरच समजलं.

रोजचं काम होतं ते विंचरण्याचं. त्यासाठी बारीक दाताची फणी लागायची. अयोध्येच्या रुखवतातली फणी नवी होती, पण दात विरळ होते, त्यातून पिसू हसत निघून जायची. बानूबाई आत गेली आणि स्वतःची शिसवी फणी घेऊन आली. ती तिच्या आईनं दिलेली होती आणि तिनं ती आजवर सुनेच्या डोक्यालाही लावू दिली नव्हती. ती तिनं कुत्र्याच्या पाठीवर ठेवली.

‘आत्या, ही तुमची फणी,’ अयोध्या म्हणाली.

‘माझ्या डोस्क्याला आता केस किती ऱ्हायलेत,’ बानूबाई म्हणाली. ‘परात आण. गरम पाणी घे तिच्यात.’

सकाळी ऊन अंगणात आलं की एकीनं कापश्याला धरायचं आणि एकीनं विंचरायचं. फणी झटकून परातीतल्या पाण्यात बुडवायची. कापश्याला ते इतकं आवडायला लागलं की परात वाजली की तो स्वतःच येऊन आडवा पडायचा. कस्तुराबाई भिंतीवरून बघून म्हणाली की सुनेचं डोकं विंचरणारी सासू बघितली नाही, कुत्र्याचं विंचरणारी बघितली. बानूबाईनं तिला सांगितलं की तुझ्याही घरात धोतर अंथरून बघ. कस्तुराबाईनं अंथरलं नाही, पण तिच्या अंगणातही वाकळा वाळत पडलेल्या दिसायला लागल्या.

पिसवा कमी झाल्या. संपल्या नाहीत. घर स्वच्छ झालं तरी घरामागं मेंढरांचं वाडगं होतं आणि वाडग्यातली धूळ काही सारवता येत नव्हती. कापश्या मेंढरांजवळ गेला की चार नव्या घेऊन यायचा. शेपटीच्या बुडाचे केस यायला लागायचे आणि परत जायचे.

दिवाळी झाली. कळप रानात काढायची वेळ आली. दरवर्षी या दिवसांत बिराप्पा आणि गुंडाप्पा मेंढरं घेऊन सीना ओलांडून माढ्याच्या बाजूला उतरायचे, शेतकऱ्यांच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत बसवत पार आखाडाच्या तोंडाला परत यायचे. घोड्यावर वाकळा, भांडी, कोकरं आणि सुतळीची वाघर. मुक्काम पडला की ती जाळी मेखांवर ताणायची, झालं वाडगं. या वर्षी अयोध्याही निघणार होती. प्रश्न कापश्याचा होता.

अयोध्या म्हणाली की त्याचं अंग अजून पुरं भरलेलं नाही, रानात त्याचं कोण करणार, तिथं मेंढरांतच राहायचं, मी या वर्षी घरी थांबते. गुंडाप्पाचं तोंड उतरलं. बानूबाई म्हणाली की तू जा, कुत्रं माझ्यापाशी राहू दे. अयोध्या म्हणाली, तुम्हाला एकटीला धरता यायचं नाही. बानूबाई म्हणाली, मला येतं. दोघी एकमेकींपुढं इतकं नमतं घेत होत्या की काही ठरेना.

बिराप्पा वाघरीची गाठ मारत बसला होता. बानूबाई त्या जाळीकडं बघत होती. मग ती सावकाश म्हणाली, ‘आवं, रानात एका जागी किती दिस बसता?’

बिराप्पा म्हणाला, दोन दिवस, फार तर तीन. मग उठायचं, पुढचं रान धरायचं.

‘आन् मागच्या जागंवरच्या पिसवा?’

बिराप्पानं गाठ सोडून तिच्याकडं बघितलं. त्याला कधी कुणी हे विचारलं नव्हतं. तो आठवत राहिला. मग म्हणाला की रानात पिसवा नसतात. आखाडात घरी आलो की चावतात.

‘नसत्यात न्हाय,’ बानूबाई म्हणाली. ‘त्या मागं ऱ्हात्यात. तुमी उठता, त्या ऱ्हात्यात. पिसू घराला असती, वाटंला नसती. ह्या कुत्र्याला घरच सोसत न्हाय.’

हे सगळ्यांना पटलं. कापश्यानं जायचं आणि अयोध्येनंही जायचं, असं ठरलं. गुंडाप्पा खूश होऊन घोड्याचं खोगीर बघायला गेला. बानूबाईनं अयोध्येला फणी दिली, हळदीचं तेल बाटलीत भरून दिलं, निरगुडी कुठं-कुठं सापडेल ते सांगितलं, फणी कशी तिरकी धरायची ते परत दाखवलं. मग परत एकदा दाखवलं. मग म्हणाली, ‘न्हाय जमायचं तुला.’

अयोध्या म्हणाली, ‘मग तुमीच चला की, आत्या.’

बानूबाई शेवटची रानात गेली होती त्याला दहाएक वर्षं झाली असतील. रझाकाराच्या धामधुमीत बिराप्पा तिला म्हणाला होता की या साली तू घरी राहा, धान्य राख, वाटा बऱ्या नाहीत. ती राहिली. मग धामधूम संपली, निजाम गेला, अलीकडं तर मराठवाडा मुंबईला जोडला गेला असं लोक म्हणायला लागले. पण आता परत चल, असं तिला कुणी म्हणालं नाही आणि तिनंही विचारलं नाही. दरवर्षी कळप निघायचा, ती वेशीपर्यंत जायची आणि घराकडं वळायची.

बिराप्पानं गाठ घट्ट ओढली. मग मान वर न करता म्हणाला, ‘चल की. कुणी नगं म्हणलंय?’

बानूबाई म्हणाली की घर कोण बघणार. बिराप्पा म्हणाला, बलभीमाला सांगू. ती म्हणाली, मला चालवेल का. तो म्हणाला, घोडा आहे. मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. अयोध्या बघायला गेली तर सासू पाठमोरी बसून नेसूच्या पदरानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं तव्याची राख झटकत होती. अयोध्येनं तिच्या हातातला तवा घेतला आणि बांधायच्या भांड्यांत ठेवला.

घराला कुलूप लावून कळप निघाला. घोड्यावर बानूबाई पहिल्या ओढ्यापर्यंतच बसली, पुढं तिनं पायी चालायचं पत्करलं, कारण घोडा सारखा थांबून गवत खात होता आणि तिला घाई होती. कापश्या मेंढरांच्या डाव्या अंगानं चालायचा. सीनेच्या पाण्यातून मेंढरं उतरवून पलीकडं चढल्यावर बानूबाई थांबली आणि इकडं-तिकडं बघायला लागली. निजामाच्या राज्याची हद्द नदीवर संपायची, तिथं नाका होता. मेंढरं मोजायचे, कर घ्यायचे, एकदा तर तिच्या डोक्यावरची पाटीही उघडून बघितली होती. आता तिथं बाभळी होत्या.

‘नाका कुठं गेला?’ तिनं विचारलं.

‘उठला,’ बिराप्पा म्हणाला.

‘कवा?’

‘निजाम गेला त्याच्या मागनं.’

‘मला कुणी सांगितलं न्हाय.’

बिराप्पानं थोडा विचार केला. ‘तू इचारलं न्हाईस,’ तो म्हणाला. आणि पुढच्या मुक्कामाला रान कुणाचं, पाणी कुठं, हे तो तिला चालता चालता सांगायला लागला, जसं पूर्वी सांगायचा तसं.

माढ्याच्या अलीकडं एका बागाइतदाराच्या रानात मुक्काम पडला होता. सकाळचं कोवळं ऊन होतं. अयोध्येनं कापश्याला घोंगड्यावर आडवा घेतला आणि बानूबाईनं शेपटीपासून फणी लावली. बुडाशी नवे केस फुटले होते, बोटाला मऊ लागत होते, आणि पोटावर लालीचा डाग राहिला नव्हता. फणीला बराच वेळ काहीच लागेना. मग एकच पिसू निघाली, रोडावलेली, तिला धड उडताही येत नव्हतं.

‘ही वाटंवरची न्हाय,’ बानूबाई म्हणाली. ‘सोनारीची हाय. गावाकडून बसून आलीय.’

अयोध्या म्हणाली, ‘मग काय करायचं?’

बानूबाईनं ती अंगठ्याच्या नखावर घेतली, दुसऱ्या नखानं चिरडली आणि फणी झटकून परत विंचरायला घेतली. बांधावरून बागाइतदार आला आणि या म्हातारबाई नव्या दिसतात म्हणाला. अयोध्या म्हणाली की नव्या नाहीत, जुन्याच आहेत, मध्ये घरी होत्या.